बाकडं मिळालं, चुलीचं काय?

या मुंबईत जेवायच्या किती तऱ्हा आहेत ते एकदा मोजा. रातपाळी सुटल्यावर गोदीच्या गेटाबाहेर बुर्जी-पावची गाडी, उभ्यानं खा नि हात पँटीला पूस. इराण्याचा ब्रून-मस्का नि पानीकम. उडप्याची इडली, दुपारची राइस-प्लेट. लालबाग-परळात उरल्यासुरल्या खानावळी. मालवणी, आगरी-कोळी, कोल्हापुरी, सावजी. भेंडीबाजारातली नळी-निहारी. पंजाबी हॉटेल, ज्यात भाज्या वीस नि रस्सा एकच. नाक्यावरचं लालभडक चायनीज. गुजराती थाळी, परमिट रूम, फॅमिली रूम. एसी सेक्शन, म्हणजे डोसा तोच, हवा गार, दर चढा. मॉलमधलं फूडकोर्ट. आणि शेवटी ते पंचतारांकित, जिथल्या दरवानाचा फेटा बघूनच आपण रस्ता बदलतो.

रविवारच्या पुरवणीत या सगळ्यावर लेख येतात. खाद्यसंस्कृती म्हणतात त्याला. कुठल्या गल्लीतली मिसळ झणझणीत, कुठल्या आजीचं वाटण खरं, कुठला केक शंभर वर्षांचा. लिहिणाऱ्याची जीभ मोठी तयार असते. पण भटारखान्याच्या दारापर्यंत त्याचे पाय कधी जात नाहीत.

मी गोदीत गोण्या वाहतो आणि कविता लिहितो. दोन्ही धंद्यांत भूक लागते, म्हणून मला या विषयावर बोलायचा हक्क आहे. माझं म्हणणं सरळ आहे. मेनूकार्डावरून हॉटेलांचे प्रकार पाडणं ही चालूगिरी आहे. हॉटेलाला दोनच प्रश्न विचारायचे असतात. बाकड्यावर कोण बसतो? आणि चुलीपाशी कोण उभा राहतो? पहिल्या प्रश्नासाठी आपले आजे-पणजे लढले, कायदा झाला, बाकडं मिळालं. दुसरा प्रश्न आपण अजून नीट विचारलासुद्धा नाही.

आधी बाकड्याचा इतिहास बघू. आपल्या पोरांना तो कोणी शिकवत नाही.

१८९० साली पुण्यात पंच हौद मिशनमध्ये पाद्र्यांनी शहरातल्या प्रतिष्ठितांना बोलावलं. व्याख्यान झालं, मग चहा-बिस्किटं फिरली. रानडे होते, टिळक होते. कोणी चहा प्याला, कोणी नुसता कप हातात धरला. नावं छापून आली आणि पुण्यात आभाळ कोसळलं. ग्रामण्य, बहिष्कार, शंकराचार्य, प्रायश्चित्त. एवढे शिकलेले लोक, हायकोर्ट-कौन्सिलं गाजवणारे, आणि एका कप चहासाठी त्यांच्या बायकामुलांपर्यंत वाळीत पडायची वेळ आली. म्हणजे बघा, जात राहते कुठं? पोथीत राहते, देवळात राहते, पण तिचा खरा मुक्काम कपाच्या काठावर असतो, जिथं ओठ टेकतो.

मग शहर वाढलं. गिरण्या, रेल्वे, कचेऱ्या आल्या. घर सोडून आलेल्या माणसाला बाहेर खाणं भाग पडलं. बाहेर खायचं तर जात कशी सांभाळायची? व्यापाऱ्यानं तोडगा काढला, दारावर पाटी लावली. 'ब्राह्मणाचे उपाहारगृह.' 'हिंदू हॉटेल.' रेल्वेच्या फलाटावर हिंदू पाणी वेगळं, मुसलमान पाणी वेगळं. पाणी एकाच नळाचं, घागरी मात्र दोन धर्मांच्या. नि आपल्यासाठी? आपल्यासाठी घागरच नव्हती.

इराण्याचं कौतुक पुष्कळ झालंय, तेही नीट समजून घ्या. कोपऱ्यावरची जागा हिंदू दुकानदार अशुभ मानायचा, ती इराण्यानं घेतली. संगमरवरी टेबलं, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, भिंतीला आरसे. दारावर जातीची पाटी नव्हती. मजुराला तिथं एका चहावर बसता आलं, पेपर वाचता आला. पण याला लगेच क्रांती म्हणू नका. १९१७ साली बडोद्यात पारशी सराईतून बाबासाहेबांना बाहेर काढायला लाठ्या घेऊन जमाव आला होता, तो पारश्यांचाच होता. परदेशात शिकून आलेला माणूस, सामान घेऊन रस्त्यावर. बाबासाहेबांनी ते स्वतः लिहून ठेवलंय. तेव्हा उपकार कोणाचे मानायचे नाहीत. इराण्यानं धंदा केला, आपल्याला बसायला जागा सापडली, हिशोब संपला.

गावाकडं तेवढंही नव्हतं. आमच्या गावच्या एसटी स्टँडवरच्या हॉटेलात माझ्या आज्याचा कप वेगळा होता. कान तुटलेला. बाहेर वळचणीला खोचलेला. आज्यानं तो काढायचा, आपण विसळायचा, पुढं धरायचा, वरून चहा ओतला जायचा. प्यायचा, परत विसळायचा, परत खोचायचा. पैसे मात्र आत बसणाऱ्याइतकेच. पैशाला विटाळ नसतो ही गोष्ट आज्याला अर्थशास्त्र न शिकता समजली होती.

आणि हे सगळं कायदा झाल्यावरचं आहे. २६ जानेवारी १९५० ला घटना लागू झाली. कलम १५ वाचा. दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं यांत जातीवरून कोणाला अडवता येणार नाही असं त्यात हॉटेलाचं नाव घेऊन लिहिलंय. कलम १७ नं अस्पृश्यता गाडली. १९५५ साली अस्पृश्यता गुन्हा कायदा आला, १९७६ साली तो कडक होऊन नागरी हक्क संरक्षण कायदा झाला. त्याच्या चौथ्या कलमात तर हॉटेलातल्या भांड्यांचा उल्लेख आहे. देशाच्या संसदेला कपबशीवर कायदा करावा लागला! नंतर अत्याचारविरोधी कायदा १९८९ चा. त्यात २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीत पुन्हा तेच, सार्वजनिक जागेतली भांडी वापरू न देणं हा गुन्हा. एकच कपबशी कायद्याला इतक्यांदा विसळावी लागते, कारण डाग कपाला नाही, ओतणाऱ्याच्या डोक्यात आहे.

तरी बाकडं मिळालं हे खरं. आज मुंबईत मी कुठल्याही उडप्याकडं जाऊन बसतो, पोऱ्या फडका मारतो, पाण्याचा ग्लास आपटतो, माझी जात कोणी विचारत नाही. खिशात शंभराची नोट असली की माणूस साहेब. काही आपलेच लोक इथं थांबतात. म्हणतात, शहरात जात उरली नाही रे, बघ, आपण एका टेबलावर खातो.

थांबा. आता चुलीपाशी चला.

इथं मी तुम्हाला जरा लांब नेतो, अमेरिकेत. तिथल्या काळ्यांचं नि आपलं नातं तुम्हाला नवं नाही. १ फेब्रुवारी १९६० ला ग्रीन्सबरो गावात चार काळी पोरं वुलवर्थच्या दुकानात गेली. कॉलेजची पोरं. जेवणाच्या काउंटरवर बसली नि कॉफी मागितली. कॉफी मिळाली नाही, पोरं उठली नाहीत. दुसऱ्या दिवशी आणखी आली, तिसऱ्या दिवशी आणखी. गावोगाव काउंटरवर पोरं बसायला लागली. त्याच वर्षी जुलैत दुकानदार नमला. पण त्या काउंटरवर सगळ्यात आधी जेवायला बसवलं कोणाला, माहीत आहे? त्याच दुकानात काम करणाऱ्या काळ्या नोकरांना. म्हणजे काउंटरच्या मागं काळा हात आधीपासून होता. गोऱ्याला काळ्याच्या हातचं जेवण चालत होतं. गोऱ्यांच्या घरात स्वैपाक काळ्या बायांनीच केला, लेकरं त्यांनीच पाजली. त्यांना नको होता तो शेजारच्या स्टुलावर बसलेला काळा माणूस.

आपल्याकडं उलटी गंगा आहे. शहरातल्या सवर्णाला शेजारच्या टेबलावरचा मी एकवेळ चालतो, कारण मी बिल भरतो नि माझ्या कपाळावर काही लिहिलेलं नाही. त्याला चालत नाही तो माझा हात, त्याच्या कढईवरचा. वर्ण नि जात यातला फरक पुस्तकात शोधू नका, भटारखान्यात जाऊन बघा.

हे असं का? याच्यामागं रोकडा हिशोब आहे. जातीच्या व्यवस्थेत शिजलेलं अन्न वरून खाली वाहतं. वरच्याच्या हातचं खालच्या सगळ्यांना चालतं, खालच्याच्या हातचं वरच्याला चालत नाही. म्हणून ब्राह्मण आचारी ठेवला की सगळ्या जातींचं गिऱ्हाईक खुलं. त्याचा हात म्हणजे भांडवल. उडुपीच्या मठांच्या पंगतींतून तयार झालेले आचारी देशभर हॉटेलं काढू शकले त्याचं एक कारण त्यांची मेहनत, ती मी नाकारत नाही. पण दुसरं कारण हे, की त्यांच्या हाताला बाजारात आधीच परवाना मिळाला होता. तो परवाना मनूनं दिला होता, म्युन्सिपाल्टीनं नाही.

आपल्या हाताला तो नाही. दहावी पास झालो तेव्हा मी एका उपनगरातल्या हॉटेलात कामाला गेलो. नाव घेत नाही, एक असतं तर घेतलं असतं. मालकानं आडनाव विचारलं. आमचं आडनाव गावावरून आहे, त्यावरून त्याला काही कळेना. मग गाव विचारलं. मग गावात घर कुठल्या बाजूला ते विचारलं. मग म्हणाला, "मोरीवर राहतोस का? भांडी घासायला माणूस पाहिजे." मी म्हटलं, "मला पोळ्या येतात, भाजी येते, आईबरोबर लग्नाच्या ऑर्डरी केल्यात." म्हणाला, "आत वस्ताद आहे, त्याला चालणार नाही." मालकाला चालत होतं, गिऱ्हाइकाला माहीत नव्हतं, वस्तादाला चालत नव्हतं. जात कायम तिसऱ्याच माणसाची असते.

गिरणीतही हेच झालं होतं. साचेखात्यात धोट्यातली कांडी बदलली की धागा तोंडानं ओढायला लागायचा. अस्पृश्याच्या थुंकीचा धागा सवर्ण तोंडात धरणार कसा? म्हणून आपल्या लोकांना साचेखातं बंद. आणि पगार जास्त तिथंच. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लाल बावट्याच्या पुढाऱ्यांपुढं ठेवला. कामगारांची एकी म्हणता ना, मग साचेखात्याचं दार उघडा आधी. आजचा भटारखाना म्हणजे कालचं साचेखातं. आचाऱ्याचा पगार नि मोरीवाल्याचा पगार यात किती अंतर आहे ते कुठल्याही हॉटेलात विचारा. थुंकी, घाम, विटाळ हे सगळे शब्द गोळा केले की त्यांची बेरीज पगारपत्रकावर निघते.

कोणी म्हणेल, हे जुनं झालं. बरं, नवं सांगतो. २०१७ साली पुण्यात हवामान खात्यातल्या एका शास्त्रज्ञ बाईंनी पोलिसात तक्रार दिली. कशाची? घरातल्या धार्मिक कार्याला ठेवलेली स्वैपाकीण ब्राह्मण निघाली नाही, जात लपवली, सोवळं मोडलं. पोलिसांनी ती तक्रार लिहूनही घेतली. बाहेर बोंब झाली तेव्हा मागं घेतली. आणि ती स्वैपाकीण दलित नव्हती, मराठा होती! मराठ्याच्या हाताची ही गत, तर आपल्या हाताला काय म्हणतील? २०२१ च्या डिसेंबरात उत्तराखंडात चंपावत जिल्ह्यातल्या शाळेत दलित भोजनमातेनं शिजवलेलं जेवण सवर्णांची पोरं जेवेनात. बाईलाच कामावरून काढलं, गाजावाजा झाल्यावर परत घेतलं. सहावी-आठवीतली पोरं ती. त्यांना विज्ञानाचा धडा आला नसेल, हा धडा पाठ होता.

आता नवी पाटी बघा. 'ब्राह्मणाचे उपाहारगृह' लिहायची सोय राहिली नाही, म्हणून पाटी बदलली. 'शुद्ध शाकाहारी.' भाजी खाण्याला माझी हरकत नाही. माझी आजी माळकरी होती, वांग्याच्या भरतावर तिचा जन्म गेला. पण तिनं शेजारणीच्या ताटाला कधी अशुद्ध म्हटलं नाही. 'शाकाहारी' एवढं लिहिलं की माहिती झाली. त्याच्या आधी 'शुद्ध' लावलं की शिवी झाली, आणि ती कोणाला दिलीय ते दोघांनाही माहीत असतं.

ही शिवी शिकलेल्यांच्या तोंडात किती मऊ बसते बघा. २०२३ साली पवईच्या आय.आय.टी.त वसतिगृहाच्या मेसमध्ये काही टेबलं फक्त शाकाहारींसाठी राखली. निषेध म्हणून त्या टेबलावर बसून मांसाहार केला तर विद्यार्थ्याला १० हजार रुपये दंड. देशातली हुशार डोकी, यंत्राला विचार करायला शिकवतात आणि टेबलाला सोवळं नेसवतात. १९ मार्च २०२४ ला झोमॅटोनं जाहीर केलं की शुद्ध शाकाहारी गिऱ्हाइकांसाठी वेगळा ताफा, वेगळे हिरवे कपडे. ओरड झाली, दुसऱ्या दिवशी म्हणाले कपडे लालच ठेवू, पण ताफा वेगळा. म्हणजे डबा बंद, पिशवी बंद, पेटी बंद, तरी पाठीवरून कोणाच्या आलं याचा विचार करायचा. मग माझ्या पाठीचं काय? जहाजातून उतरलेल्या तुरीच्या गोणी माझ्या मानेवरून जातात, माझ्या घामानं गोणपाट भिजतं. तीच तूर गिरणीत जाते, डाळ होते, त्याच 'शुद्ध' हॉटेलात सांबार होते. पाठीवर चालते, पळीवर चालत नाही. कुठल्या शास्त्रात हे बसतं ते एखाद्या आय.आय.टी.वाल्यानं मला शिकवावं, मी दहावीच शिकलोय.

आणि स्वस्त मांस? महाराष्ट्रात गाईवर १९७६ च्या कायद्यानं बंदी होतीच, २०१५ साली बैल नि वळूही त्यात ओढले. गरिबाच्या ताटातला स्वस्तातला तुकडा काढून घेतला नि त्याला संस्कृती म्हटलं. साहेबलोकांच्या सामनला हात लावायची टाप कोणाची नाही.

आता आपल्याच घरात डोकावतो. कडू लागेल.

या शहरात प्रत्येक मुलखाच्या, प्रत्येक जातीच्या जेवणाची पाटी आहे. सीकेपी खाद्यमहोत्सव भरतो, सारस्वत मासे मिरवतात, सावजी नागपुराहून मुंबईला आलं. आपल्या जेवणाची पाटी कुठाय? वजडी, रक्ती, खूर, चान्या हे पदार्थ जगले ते आपल्या चुलींवर. आज वजडी बारच्या टेबलावर चकणा म्हणून विकली जाते, गिऱ्हाईक बोटं चाटतं. पदार्थ आत गेला, नाव बाहेर राहिलं. शाहू पाटोळ्यांनी २०१५ साली 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहून आपलं ताट कागदावर आणलं. ते वाचून किती जणांनी आपल्या आईला विचारलं, हे कसं करतात म्हणून? आपला बढती मिळालेला साहेब कचेरीत डबा उघडताना झाकण आडवं धरतो नि पार्टी द्यायची तर शुद्ध शाकाहारीत टेबल बुक करतो.

यावर आपल्यातलाच कोणी उठून म्हणेल, बाबासाहेबांनीच तर महाडला १९२७ साली सांगितलं होतं ना, मेल्या ढोराचं मांस सोडा, उष्टं-शिळं सोडा? होय, सांगितलं. आणि आपल्या लोकांनी सोडलं, उपाशी राहून सोडलं. पण त्यांनी सोडायला काय सांगितलं ते नीट बघा. मेलेलं ढोर म्हणजे गावकीची मजुरी होती. उष्टी भाकरी म्हणजे गुलामीची पावती होती. ती फाडायला सांगितली. स्वतःच्या घामाच्या पैशानं ताजं आणून शिजवलेल्या अन्नाची लाज बाळगा असं त्यांनी सांगितलं नाही. लाज बाळगायची ती मागून खाण्याची. आपण मागून खाणं सोडलं, आता लपून खाणं सोडायचं.

पुढाऱ्यांचं सहभोजन तर विचारूच नका. २०१७ ला कर्नाटकात आणि २०१८ ला उत्तर प्रदेशात मोठमोठे नेते दलिताच्या घरी जेवायला गेले नि जेवण बाहेरून मागवलेलं होतं अशा बातम्या छापून आल्या. घर आमचं, चटई आमची, कॅमेरा त्यांचा, नि अन्न दुसऱ्याच्या चुलीवरचं. बाकडं-चुलीचा माझा सगळा लेख त्या एका फोटोत मावतो.

याला उत्तर कोल्हापुरात शंभर वर्षांपूर्वीच दिलं गेलंय. गंगाराम कांबळे नावाचा माणूस दरबारच्या पागेत नोकरीला होता. मराठ्यांच्या हौदाला शिवला म्हणून तिथल्यांनी त्याला फोडून काढला. शाहू महाराजांनी त्याला चाकरीतून मोकळा केला नि स्वतःचा धंदा काढायला मदत केली. गंगारामनं भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल काढलं, 'सत्यसुधारक'. हॉटेल स्वच्छ, चहा चांगला, पण सवर्ण फिरकेनात. तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून गंगारामच्या हातचा चहा मागवायला लागले. बरोबरच्या बड्या लोकांनाही तोच चहा. छत्रपती पितो म्हटल्यावर ते नाही कसं म्हणणार? त्या माणसानं नेमका मर्मावर हात ठेवला होता. दलिताला आपल्या पंगतीत बोलवणं सोपं असतं, दयाळू म्हणून नाव होतं. दलिताच्या चुलीवरचं रोज, पैसे देऊन, भर रस्त्यात पिणं यात जात मरते.

आज छत्रपतीची बग्गी येणार नाही. वाटही बघायची नाही. आपण काय करायचं ते सांगतो.

एक. नागरी हक्क कायद्याचं ते चौथं कलम पाठ करा. भांड्यांच्या ओळीखालीच आणखी एक ओळ आहे. अस्पृश्यतेपायी कोणालाही कुठलीही नोकरी करायला आडकाठी करणं हाही गुन्हा आहे. ती ओळ अजून भटारखान्याच्या दारात पोचलेली नाही. आपल्यातले जे वकील झालेत त्यांनी ती तिथं पोचवावी. मोरीवर अडवलेली पोरं गल्लोगल्ली आहेत, साक्षीदारांचा तुटवडा पडणार नाही.

दोन. हॉटेल कामगारांच्या युनियनवाल्यांना विचारा, आचारी, वेटर, बाहेरवाला, मोरीवाला यांत कोण कुठल्या जातीचा याची कधी मोजदाद केली का? नसेल तर करा. लाल झेंडा असो, भगवा असो, निळा असो.

तीन. हॉटेलात जा, ताठ बसा, पोटभर खा, बिल भरा. उठताना गल्ल्यावर आवाज चढवून एवढंच विचारा, "शेठ, भटारखान्यात आमचा कोण आहे?" पहिल्या दिवशी तो हसेल. दहाव्या दिवशी हसणार नाही.

चार. ज्याच्या आईच्या हाताला चव आहे त्यानं गाडी लावावी. मुन्शिपाल्टी उचलेल, परत लावावी. पाटीवर 'घरगुती' लिहू नका, 'गावरान' लिहू नका, त्यात घर कोणाचं नि गाव कुठली बाजू ते कळत नाही. पाटीवर आईचं नाव लिहा, पुढं आडनाव लिहा, ठळक, लांबून वाचता येईल असं.